नाण्याचा डाव

पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना दौंड जंक्शनवर तोंड फिरवावें लागे. दौंड-मनमाड फांटा १८७८ सालीं सुरू झाला, आणि जंक्शनाला वळसा घालणारी नवी जोडरेषा होईपर्यंत, एंजिन एका टोंकाकडून काढून दुसऱ्या टोंकाला जोडण्याचा हा विधि चालत राहिला. तेवढ्या वेळांत उतारूंना करण्यासारखें कांहीं नसे. कोणी चहा घेई, कोणी वाचलेलेंच वर्तमानपत्र पुन्हां वाची. रेल्वेच्या ज्या स्थानकांवर वजनाचें यंत्र उभें असे, तेथें मात्र या वेळाला एक वाट मिळे. रंगीत दिव्यांच्या त्या उंच पेटीच्या पायरीवर चढावयाचें, फटींत नाणें टाकावयाचें, आंत खडखड ऐकावयाची, आणि वजन छापलेलें जाड कागदाचें लहानसें तिकीट हातांत घ्यावयाचें. त्यावर नशिबाविषयीं एखादें वाक्यहि असे. आपलें वजन किती हें माणसाला बहुधा ठाऊक असतें. तरीहि नाणें पडे. उतारू विकत घेई तें कंटाळ्यांतून सुटलेलें अर्धें मिनिट.

या अर्ध्या मिनिटाच्या व्यापारांतूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एक नवी क्रीडासृष्टि उभी राहिली. तिला ‘आर्केड’ हें नांव पडलें. मूळ शब्दाचा अर्थ कमानींच्या छपराखालचा बाजार; पुढें त्या बाजारांत मांडलेल्या नाण्याच्या यंत्रांना, आणि शेवटीं त्यांतील व्हिडिओ खेळांनाहि तोच शब्द चिकटला. या खेळांविषयीं सुशिक्षित घरांतून दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, तो मुलें बिघडविण्याचा धंदा होता. दुसरें असें कीं, तें लहानपणचें निरुपद्रवी वेड होतें. दोन्हीं मतें खेळाकडे न पाहतां बनलेलीं आहेत. त्या खेळांचे प्रकार कोणते आणि ते तसेच कां घडले हें पाहूं लागलें, म्हणजे पडद्यावरील शत्रूच्या चालीपासून खेळाडूला मिळणाऱ्या ‘जिवां’पर्यंत जवळजवळ प्रत्येक गोष्ट फटींत पडणाऱ्या नाण्यानें ठरविली आहे असें दिसून येतें.

नाण्यानें यंत्र चालविण्याची कल्पना पुष्कळ जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रिया नगरींतील हेरोन या यंत्रज्ञानें देवालयांत पवित्र जल देणाऱ्या एका पात्राचें वर्णन केलें आहे. नाणें तरफेच्या एका टोंकावर पडे, त्याच्या भारानें झांकण उघडे, आणि तें घसरून खालीं पडेपर्यंत पाणी वाहे. भक्ताला किती पाणी मिळावें हें पुजारी ठरवीत नसे, नाणें ठरवी.

जत्रेंतील नेमबाजीचा ठेला हा याच कल्पनेचा धाकटा भाऊ म्हटला पाहिजे. शिरूर तालुक्यांतील रांजणगांवास भाद्रपदांत महागणपतीच्या दर्शनाला जशी गर्दी लोटते, तसल्या कोणत्याहि गर्दींत हा ठेला सांपडावयाचा. फळीवर रंगीत फुगे, हातांत हवेची बंदूक, ठराविक पैशांत ठराविक छर्रे. पुढील व्हिडिओ खेळाचीं सारीं अंगें येथें मूळरूपानें हजर आहेत. किंमत इतकी अल्प कीं विचार करावा लागत नाहीं. फुगा आणि बंदूक दिसली कीं काय करावयाचें तें कळतें, नियम सांगावे लागत नाहींत. डाव लवकर संपतो. भोंवतीं बघे उभे असतात आणि त्यांतूनच पुढचें गिऱ्हाईक तयार होतें. शेवटचा छर्रा चुकला तर दोष आपल्या हाताचा वाटतो; बंदुकीच्या माशीचा वाटत नाहीं, ती कितीहि वांकडी असली तरी!

अमेरिकेंत हाच प्रकार पिनबॉलच्या रूपानें वाढला. माँटेग्यू रेडग्रेव्ह यानें १८७१ सालीं बॅगाटेलच्या मेजांत सुधारणा करून पेटंट घेतलें. पुढें १९३० नंतरच्या मंदींत नाण्यावर चालणारीं तसलीं मेजें दुकानोदुकानीं दिसूं लागलीं. न्यूयॉर्क शहरानें १९४२ सालीं तीं जुगार ठरवून बंद केलीं. नगरपति ला गार्डिया यानें हातोड्यानें यंत्रें फोडल्याचीं छायाचित्रें प्रसिद्ध आहेत. चेंडू परतविणारे हलते फलक १९४७ सालीं आले आणि खेळांत कौशल्याला जागा झाली, तरी ती बंदी १९७६ पर्यंत उठली नाहीं. दैव कीं कौशल्य, हा वाद व्हिडिओ खेळांच्या पाठीमागें असा जन्मापूर्वींपासूनच लागला होता.

कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल येथील एका मद्यगृहांत १९७२ सालीं अटारी कंपनीनें ‘पाँग’ नांवाचें यंत्र ठेविलें. नोलन बुशनेल व टेड डॅबनी हे कंपनीचे संस्थापक. यंत्र ॲलन ॲल्कॉर्न यानें बनविलें होतें. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या आणि एक ठिपका, एवढेंच त्याचें टेबल टेनिस. कांहीं दिवसांनीं यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहतां नाण्यांचें भांडें शिगोशीग भरल्यामुळें तें अडलें होतें. याच दोघांनीं आदल्या वर्षीं रचलेला ‘कंप्यूटर स्पेस’ हा खेळ मात्र म्हणावा तसा चालला नव्हता. त्यांतील यानाला अनेक कळा होत्या आणि त्या समजून घेण्यासाठीं सूचना वाचाव्या लागत. मद्यगृहांतील गिऱ्हाईक सूचना वाचीत नाहीं. पाँगचा चेंडू मात्र पाहणाऱ्याला आपोआप समजे.

येथें घरगुती खेळ आणि नाण्याचा खेळ यांतील भेद ध्यानांत घ्यावयास हवा. बुद्धिबळांत राजा कोंडला कीं डाव संपतो, सोंगट्यांत सगळ्या सोंगट्या घरीं गेल्या कीं संपतो. बहुधा कोणी तरी जिंकतो. पाँगनंतरच्या एकट्यानें खेळावयाच्या बहुतेक यंत्रांवर जिंकणें असें नसतेंच. शत्रूंची एक फळी गारद केली कीं तिच्याहून वेगाची दुसरी उभी राहते, आणि खेळाडूनें आपला पराभव लांबवीत न्यावयाचा. मराठी मुलाला ही कल्पना परकी नव्हती. विटीदांडूंत ज्याचा डाव असेल तो बाद होईपर्यंत खेळतो, दांडूनें अंतर मोजून गुण धरतो, आणि बाकीचे त्याच्या चुकीची वाट पाहत उभे राहतात. हुतुतूंत गडी ‘मरतो’ आणि त्याच खेळाच्या संजीवनी प्रकारांत पुन्हां ‘जिवंत’ होतो. यंत्रावर तीन ‘जीव’ मिळतात हें ऐकून एखाद्या अमेरिकन आजीला नवल वाटलें असेल. घोडनदीच्या कांठीं हुतुतू खेळलेल्या आजोबांना वाटण्याचें कारण नव्हतें.

नेमबाजीचे खेळ हा या सृष्टींतला पहिला मोठा वर्ग. जपानांतील ताइतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यानें १९७८ सालीं रचलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा त्याचा आदर्श नमुना होय. अकरा-अकरांच्या पांच ओळी, म्हणजे ५५ आक्रमक, पडद्याच्या वरच्या भागांत आडवे सरकत एकेक पायरी खालीं उतरतात. तळाशीं खेळाडूची एकुलती तोफ आणि चार आडोसे. जसजसे आक्रमक मरतात तसतसे उरलेले जलद होतात, आणि शेवटचा एकटा तर विजेसारखा धांवतो. ही योजना कोणी आधीं ठरवून केलेली नव्हती. त्या काळचें गणकयंत्र मंद होतें. ५५ आकृति हलवितांना त्याला धाप लागे, आकृति कमी झाल्या कीं त्याचा भार हलका होई. निशिकादोनें हा दोष काढून टाकला नाहीं. यंत्राच्या दुबळेपणानेंच खेळाला चढती लय मिळाली आहे हें त्यानें ओळखलें. जोडीला चार खर्जाच्या ध्वनींचा ठेका, तोहि विलंबितांतून द्रुतांत जाणारा. मैफलींत तबलजीनें लय वाढविली कीं श्रोता सरसावून बसतो. येथें खेळाडूच्या हाताला घाम सुटतो. या खेळामुळें जपानांत शंभर येनच्या नाण्यांची टंचाई पडली अशी कथा अनेक पुस्तकांत छापलेली आढळते. ती खरी नाहीं; पण अशी कथा रचावीशी वाटली यावरूनच त्याच्या प्रसाराची कल्पना येते.

याच खेळानें आजवरचे सर्वाधिक गुण पडद्याच्या माथ्यावर दाखविण्याची चाल रूढ केली. १९७९ च्या सुमारास त्या गुणांपुढें खेळाडूचीं तीन आद्याक्षरें लिहिण्याची सोय झाली. पाश्चात्य खेळाडूंनीं तीं तीन घरें कशीं भरलीं असतील तें असो. स्वतःचें नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव बाळगणाऱ्या मराठी मुलाला तीं जणूं मापून दिलेलीं होतीं. बऱ्याच यंत्रांतून रात्रीं वीज बंद केली कीं हीं अक्षरें पुसलीं जात. सकाळीं पाटी कोरी! त्या नांवासाठीं मुलें दुसऱ्या दिवशीं पुन्हां येत, हें दुकानदाराला आणि रचनाकाराला सारखेंच ठाऊक होतें.

नेमबाजीला कंटाळून, आणि विशेषतः या दुकानांत स्त्रियांनींहि यावें अशा हेतूनें, नामको कंपनीच्या तोरू इवातानी यानें १९८० सालीं ‘पॅक-मॅन’ रचला. हा चक्रव्यूहाचा खेळ. एक पिवळें तोंड बोळांतून फिरत २४४ ठिपके खातें आणि चार भुतें त्याच्या मागावर असतात. या खेळाची खरी करामत भुतांच्या स्वभावांत आहे. तांबडें सरळ पाठलाग करतें. गुलाबी तोंडाच्या पुढच्या चार घरांवर नेम धरून आडवें येतें. निळें तांबड्याच्या जागेचा हिशेब धरून घेरावयास पाहतें. नारिंगी लांबून धांवत येतें आणि जवळ पोंचलें कीं भ्याल्यासारखें कोपऱ्याकडे वळतें. पाहणाऱ्यास वाटतें चौघे मिळून कट करीत आहेत. वस्तुतः प्रत्येकजण आपापला एकच नियम पाळीत असतो. त्यांच्या पाठलागांत दैवाला जागा नाहीं. खेळाडू त्याच वाटेनें गेला तर भुतेंहि त्याच वाटेनें जातात, आणि म्हणून चिकाटीचे खेळाडू संपूर्ण वाटा मुखोद्गत करीत. शाळेंत पाढे पाठ न होणाऱ्या मुलांनींहि असें पाठांतर केलें. खेळाला शेवट ठेविलेला नव्हता, तरी तो एका ठिकाणीं आपोआप आला. यंत्राच्या स्मृतींत पटाचा क्रमांक ठेवावयास २५५ पर्यंतचेंच घर होतें. २५६ व्या पटावर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्यानें भरून जाई आणि पुढें जाणें अशक्य होई.

उड्यांच्या खेळांचा वर्ग १९८१ सालीं निन्तेंदो कंपनीच्या शिगेरू मियामोतो यानें ‘डाँकी काँग’ने नांवारूपाला आणला. त्यांत प्रथमच एक कथा होती: वानर, पळविलेली स्त्री, तिला सोडवावयास शिड्या चढणारा सुतार. शर्यतीच्या खेळांत जिवांच्या जागीं वेळ मोजला जातो. १९७४ च्या ‘ग्रॅन ट्रॅक १०’ पासून त्यांत खरें चाक हातांत आलें. लांकडी पेटीच खेळाचा भाग झाली, आणि म्हणून हे खेळ घरच्या दूरचित्रवाणीवर कधींच पुरते उतरले नाहींत.

मल्लयुद्धाच्या खेळांकडे मात्र थांबून पाहावें लागेल. कॅपकॉम कंपनीच्या १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ या खेळांत एक दांडी व सहा बटनें असत, आणि निरनिराळ्या मल्लांचे डाव निरनिराळे. दोघांनीं समोरासमोर उभें राहावें, हरणाऱ्यानें बाजूला व्हावें, जिंकणारा त्याच नाण्यावर यंत्रापाशीं टिकून राहावा, आणि पुढच्यानें नवें नाणें टाकून आव्हान द्यावें. गांवच्या जत्रेंतील कुस्तीच्या फडाला हें सांगण्याची गरज नाहीं. धंद्याच्या दृष्टीनेंहि ही फार चतुर रचना होती. पूर्वी डाव लवकर संपविण्याचें काम यंत्राला करावें लागे, आणि चांगला खेळाडू एका नाण्यावर तासभर यंत्र अडवून बसे. आतां तें काम दुसरा माणूस करूं लागला. एका फटक्याला जोडून दुसरा फटका मारण्याची जी कला पुढें या खेळांचा प्राण ठरली, ती तर रचनाकारांच्या हिशेबांतील एका फटींतून निघाली होती. त्यांनीं तीहि निशिकादोप्रमाणें तशीच राहूं दिली.

महाराष्ट्रांत हीं यंत्रें आधीं मुंबई-पुण्यांत दिसूं लागलीं व तेथून तालुक्याच्या गांवांकडे सरकलीं. पुणें-नगर रस्त्यावरील शिरूर किंवा जंक्शनाचें दौंड अशा गांवांपर्यंत हा खेळ पोंचूं शकला याचें श्रेय एका रूक्ष गोष्टीला आहे. जपानी उत्पादकांनीं १९८५ सालीं ‘जामा’ या नांवानें तारांच्या जोडणीचा एकच नमुना ठरविला. त्यामुळें पेटी कायम ठेवून आंतील पाटी तेवढी बदलली कीं नवा खेळ सुरू होई. पेटी गांवचा सुतार करी, पडदा म्हणजे दूरचित्रवाणीची नळी, आणि पाटी बहुधा नक्कल केलेली. एक-दोन रुपयांच्या नाण्यावर किंवा दुकानदाराच्या बिल्ल्यावर डाव चाले. बस वा गाडी येईपर्यंतचा वेळ आणि एका डावाचा वेळ यांचें माप चांगलें जुळे.

अशा दुकानांतून १९९० नंतर सर्वांत गाजला तो ‘मुस्तफा’. या नांवाचा खेळ कोणत्याहि कंपनीनें काढलेला नाहीं. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा एका अमेरिकन चित्रकथेवर आधारलेला खेळ. त्यांतील चार पात्रांपैकीं मुस्तफा कैरो हें चपळ पात्र भारतीय मुलांच्या इतकें मनांत भरलें कीं सबंध खेळालाच त्याचें नांव मिळालें. तिघांनीं खांद्याला खांदा लावून डावीकडून उजवीकडे गुंडांना बडवीत जावयाचें, पिंपें फोडून त्यांतील खाद्य उचलावयाचें. मात्र या वर्गांत नाण्याचा स्वभाव पालटला होता. १९८५ च्या ‘गाँटलेट’ या खेळानें नाणें टाकून शक्ति वाढवून घेण्याची सोय केली, आणि पुढें जीव संपले कीं पडद्यावर उलटे आंकडे मोजले जाऊं लागले: ते संपण्यापूर्वीं नाणें टाका, डाव जेथें मोडला तेथून चालूं होईल. पॅक-मॅनमध्यें रुपयाला फक्त आरंभ मिळे, पुढें जाणें खेळाडूच्या हातीं असे. मुस्तफामध्यें खिसा भरलेला असेल तर अनाडीहि शेवटास पोंचे. खेळ रंजक झाला हें खरें, पण खेळाडूचा मान त्यानें उणा केला. पुष्कळ मुलें एकाच नाण्यांत तो पुरा करण्याची पैज लावीत. कंपनीनें सोडून दिलेला नियम त्यांनीं आपल्यापुरता परत आणला होता.

दुकानदाराच्या हातींहि एक शस्त्र असे. पाटीवर बारीक कळांची रांग असे. त्यांवरून जीव किती द्यावयाचे, शत्रू किती कठीण ठेवावयाचा हें त्याला ठरवितां येई. गिऱ्हाइकाला तें दिसत नसे. पालकांचा व पोलिसांचा जो संशय या दुकानांवर होता त्याचें थोडेंसें समर्थन येथें मिळतें. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्यानें निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. पण व्हिडिओ यंत्र कोणत्या बाजूचें? काहीं यंत्रांवर पडद्यावरच पत्ते व फळांचीं चित्रें फिरत, आणि तीं उघड उघड पैशाच्या खेळाचीं होतीं. कर्नाटकांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं व्हिडिओ खेळांना परवान्याच्या नियमनाखालीं आणणें योग्य ठरविलें. पत्त्यांचें यंत्र आणि पॅक-मॅन एकाच दुकानांत उभीं असलीं तरी एकाच जातीचीं नव्हेत. पहिल्यांत खेळाडू कितीहि सरावला तरी यंत्राला फरक पडत नाहीं. दुसऱ्यांत सरावावांचून कांहींच होत नाहीं. हा भेद पाहण्याची तसदी न घेतां सरसकट सगळ्यांवर जो डाग लागला, त्याची झळ मुख्यतः मुलींना पोंचली. इवातानीनें ज्यांच्यासाठीं खेळ रचला त्यांना आपल्याकडील बहुतेक दुकानांचा उंबरठा ओलांडतां आला नाहीं.

घरोघरीं दूरचित्रवाणीला जोडावयाचीं यंत्रें आलीं, मग संगणक, मग हातांतला दूरध्वनि. दुकानें ओस पडलीं. नाणें गेल्याबरोबर डाव संपविण्याचें कारणहि गेलें. फटींत नाणें टाकणाऱ्याला तीन मिनिटांनीं यंत्र सांगे कीं तुझा वेळ संपला, मागें दुसरा उभा आहे. दूरध्वनीवरच्या खेळाला मागें उभा असलेला दुसरा ठाऊक नाहीं. दैव कीं कौशल्य या जुन्या वादाला संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें एक निराळेंच वळण दिलें: पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, तिनें निषिद्ध केले आणि ई-क्रीडा त्यांहून वेगळी मानली.

त्या जुन्या खेळांतील बरेचसे आज जपले गेले आहेत. इटलींतील निकोला साल्मोरिया यानें १९९७ सालीं ‘मेम’ नांवाचा कार्यक्रम सुरू केला; त्याच्या योगानें मूळ पाट्यांचें वर्तन साध्या संगणकावर हुबेहूब उभें करतां येतें. पाट्या मात्र नष्ट होत आहेत. मुस्तफाच्या मूळ पाटीवर एक लहानशी बॅटरी असे. खेळाच्या आज्ञांचा कांहीं भाग सांकेतिक लिपींत ठेवलेला होता आणि त्याची किल्ली ती बॅटरी जिवंत ठेवी. नक्कल करणाऱ्यांना अडविण्याकरितां केलेली ती योजना होती. बॅटरी संपली कीं किल्ली पुसली जाई आणि पाटी बंद पडे. नक्कल करणाऱ्यांनीं तो भाग टाळून ज्या पाट्या बनविल्या, तालुक्यातालुक्यांतील सुतारी पेट्यांतून ज्या चालल्या, त्यांना अशी बॅटरीच नव्हती.